आर्क्टिक चारसाठी ७ वेटचा रॉड आणि सिंक-टिप लाइन: उन्हाळाभर वापरल्यानंतर

आर्क्टिक चार हा सामनच्या कुळातला, थंड पाण्यातला मासा. फ्लाय फिशिंगने, म्हणजे पिसं-दोऱ्यांनी सजवलेल्या हलक्या गरीने (फ्लायने) तो धरायचा आणि बजेट मर्यादित असेल, तर रॉडवर बेताचे पैसे घाला आणि लाइन चांगली घ्या. कॅनडाच्या उत्तरेतल्या इकालुइटला नोकरीसाठी आल्यावर मी ९ फुटी, ७ वेटचा (वेट म्हणजे रॉडला किती जड लाइन चालते त्याचा आकडा), ४ तुकड्यांचा मधल्या किमतीचा रॉड घेतला आणि नदीवरचा बर्फ फुटल्यापासून सप्टेंबरपर्यंत सिल्व्हिया ग्रिनेल नदीवर वापरला. रॉड दणकट आहे, बोचऱ्या वाऱ्यातही लाइन सरळ फेकतो. पण मासे लागायला लागले ते लाइन बदलल्यावर.

आपल्याकडे खाडीवर गळ टाकताना शिसं दोरीला ओढून नेतं. फ्लायला वजन जवळपास नसतंच, तिला लाइनच घेऊन जाते. रॉडसोबत आलेली लाइन तरंगणारी होती. इथलं पाणी गार आणि जोरकस, चार तळाशी धरून असतात. माझी फ्लाय त्यांच्या डोक्यावरून वाहून जायची. मग सिंक-टिप, म्हणजे टोकाकडे बुडणारी लाइन घेतली. तिचा पुढचा १५ फुटांचा भाग सेकंदाला साधारण ६ इंच बुडतो. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक दोरा, मात्र ३-४ फुटांचाच ठेवा. लांब ठेवलात तर लाइन तळाशी जाते आणि फ्लाय वरच राहते. गुलाबी आणि नारिंगी फ्लाय सर्वांत चालल्या.

खरा हंगाम ऑगस्टचा. उन्हाळ्यात समुद्रात चरायला गेलेले चार तेव्हा नदीत परततात, कारण हिवाळ्यात शून्याखाली जाणारं खारं पाणी त्यांना सोसत नाही. थंडी ते तळ्यांत काढतात. ही नदी ज्याला मिळते त्या फ्रोबिशर उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांवर जातो, त्यामुळे घड्याळापेक्षा भरतीचं कोष्टक आधी बघायचं. पहिला मोठा चार हातात आला तेव्हा पोट शेंदरी, अंगावर फिकट ठिपके आणि परांच्या पुढच्या कडा पांढऱ्याशुभ्र. मी बघतच राहिले.

आता उणिवा. थंडीत लाइन वेटोळी धरते. घेताना थंड पाण्यासाठीचीच मागा आणि फेकण्याआधी हाताने ताणून घ्या. पारा शून्याखाली गेला की रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो, तो बोटांनी काढत बसावं लागतं. रीलचा ब्रेक बंदिस्त नव्हता; ओहोटीच्या गाळाने तो खरखरू लागला. यात काटकसर नको, बंदिस्त ब्रेकवालंच घ्या.

गरीचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका, म्हणजे मासा सहज सोडता येतो. हे मासे फार सावकाश वाढतात, दरवर्षी अंडीही घालत नाहीत, आणि इथल्या इनुइट घरांचं ते रोजचं अन्न आहे. मी क्वचितच एखादा घरी आणते, बाकीचे सोडते. (आमसूल घालून तिखलं केलं तर या तेलकट माशाला तोड नाही.)

आणि रॉडचा टोकाचा तुकडा एक जादा मागवून ठेवा. इकालुइटला बाहेरून रस्ता नाही. ऐन ऑगस्टमध्ये टोक मोडलं तर विमानाने दुसरं येईपर्यंत हंगाम संपलेला असतो.