नाणं खरं, चांदी खरी, तरी अठरा हजारांना गंडलो

जुन्या बाजारात एका पथारीवर रुपयाच्या दीडपट मोठं चांदीचं नाणं दिसलं. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी गुबगुबीत बाई, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा पक्षी, साल 1780. "गंडभेरुंड आहे साहेब, हैदरअलीच्या वेळचं."

गंडभेरुंड नव्हे, हे मोबाइलवर लगेच कळलं. तो पवित्र रोमन साम्राज्याचा गरुड. बाई म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा, हंगेरी-बोहेमियाची राणी. नवरा 1765 मध्ये गेला, तेव्हापासूनचा तो वैधव्याचा पदर. नाण्याचं नाव थालर. 'डॉलर' हा शब्दसुद्धा त्यावरूनच आलेला. विक्रेत्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं म्हणून मी मनातल्या मनात खूश! वजन 28 ग्रॅम हवं, त्याच्या काट्यावर तेवढंच भरलं. चुंबकाला चिकटलं नाही. कडेवर 'न्याय आणि दया' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं हवीत, तीही होती. घासाघीस करून अठरा हजार मोजले. घरी सहा सांगितले.

सोसायटीतल्या एका काकांना नाण्यांचा नाद आहे. त्यांनी भिंगाखाली पदराजवळची ब्रूच पाहिली, गरुडाची पिसं पाहिली आणि हसलेच. "अरे, राणी 1780 च्या नोव्हेंबरात वारली, पण नाणं पाडायचं थांबलंच नाही. येमेन-इथिओपियातले व्यापारी हाच चेहरा ओळखायचे, दुसरं नाणं घेईनात. म्हणून साल बदललंच नाही. व्हिएन्ना, रोम, लंडन, सगळीकडे पाडलं. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा! ऑस्ट्रियाची टांकसाळ आजही पाडते. हे तुझं तसलंच, अलीकडचं."

म्हणजे मी तपासलेली प्रत्येक गोष्ट नव्या नाण्यालाही तितकीच लागू होती. वजन तेच, कस तोच. नाण्यात चांदी 833 कसाची (हजार भागांत 833 भाग चांदी), म्हणजे शुद्ध चांदी साडेतेवीस ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याचेच पैसे द्यायचे होते. या नाण्यावरच्या 1780 ला काडीची किंमत नाही. कोणी त्या सालाचे वेगळे पैसे मागितले, तर आधी जाणकाराला दाखवा, पाकीट नंतर काढा. मी उलट केलं.

पुढच्या रविवारी त्या विक्रेत्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मोबाइल तुम्हीच काढला होतात. मी तर गंडभेरुंड म्हणालो होतो."