तेलताडाच्या (पाम तेल देणाऱ्या झाडाच्या) रोपांसाठी ५०० गेज जाडीच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या: पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

रोपं लागवडीला निघालीत आणि उचलताना पिशव्या तळाच्या जोडावर उसवतायत, म्हणून लिहितोय. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, 'इतके महिने वापरल्यावर कसली भरपाई?' अहो, छोट्या पिशवीतले पहिले तीन महिने सोडले तरी पुढे आठ-नऊ महिने रोप याच पिशवीत वाढतं. तेवढं टिकत नसेल तर तेलताडासाठी म्हणून विकता कशाला? तळ फाटला की मातीचा गोळा फुटतो, मुळं तुटतात आणि शेतात गेलेलं रोप बरेच दिवस जागचं हलत नाही.

मापाबद्दल मात्र माझं मत पार बदललं. ४० × ४५ सेंमीची पिशवी म्हणजे मातीची आणि मजुरीची उधळपट्टी, असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत होतो. आता फाटलेल्या पिशव्यांतून मुळांचं दाट जाळं दिसतंय. याहून लहान पिशवी मी घेणार नाही.

खरा संताप आहे तो भोकांचा. खालच्या अर्ध्या भागात भोकं हवीत, तशी आहेतही. पण बऱ्याच पिशव्यांत सुई आरपार गेलेलीच नाही, नुसता वण उठलाय. मोठ्या रोपाला दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते तळाशी साचलं की पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते.

आणि नेमकी इथेच निवड अवघड होते. गवतासारखी अरुंद पानं, पिळवटलेली पानं, नवं पान जुन्यापेक्षा आखूड राहून वरून सपाट दिसणारं रोप, अशी रोपं काढून टाकावीच लागतात. चांगल्या नर्सरीतही एकूण २० ते २५ टक्के रोपं बाद होतात. पण खुजं रोप बियाण्यामुळे खुजं की साचलेल्या पाण्यामुळे, हे बाहेरून कसं ओळखणार? झाड पुढे २५ वर्षं सांभाळायचं, म्हणून शंका आली की रोप बाद. महागडं टेनेरा जातीचं संकरित बियाणं असं भोकापायी कचऱ्यात गेलेलं बघवत नाही.

ऊन मात्र या प्लास्टिकने छान सोसलं, कडा कुठेच चुरल्या नाहीत. गेज आणि माप पुन्हा हेच घेईन, विक्रेता दुसरा. गठ्ठे उतरवून घेण्याआधी प्रत्येकातल्या चार पिशव्या उजेडात धरून बघा, तळाचा जोड दोन्ही हातांनी ताणून बघा, आणि मगच पैसे द्या.