मॅरेथॉननंतरचे आंबलेले पाय: टार्ट चेरी, हळदीची कॅप्सूल, बीट की डाळिंब?

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी जिना कसाबसा चढता येतो. उतरताना मात्र कठडा धरावाच लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि ४२ किलोमीटरमध्ये नेमक्या याच कामाने त्याचे तंतू जागोजागी उसवलेले असतात. पुढचे २४ ते ७२ तास तिथे सूज येते, पांढऱ्या पेशी जमतात, साफसफाई करताना ऑक्सिडंट रेणू सोडतात आणि ठणका वाढतो. हे रेणू शमवणाऱ्या वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट पूरकांचा हात पोचतो तो या दुसऱ्या टप्प्यापर्यंतच. धावताना झालेली इजा ती टाळत नाहीत आणि रिकामं झालेलं ग्लायकोजेनही (स्नायूतला साखरेचा साठा) भरून देत नाहीत. ते काम भाताचं, केळ्याचं आणि झोपेचं.

म्हणून कोणती बाटली घ्यायची हे ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. तयारीच्या मधल्या आठवड्यांत आहात की शर्यत तोंडावर आली आहे? बाटलीवरच्या नावापेक्षा या उत्तराने जास्त फरक पडतो.

तयारी चालू असताना

व्यायामात तयार होणारे ऑक्सिडंट हे स्नायूला मिळणारे निरोपही असतात: मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढव, स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढव. हा निरोप रोज दाबला तर सरावाचं फळ कमी मिळतं. २००९ मध्ये जर्मनीत झालेल्या प्रयोगात ४ आठवडे रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये व्यायामामुळे इन्सुलिनच्या परिणामकारकतेत होणारी सुधारणा दिसलीच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये दिसली. २०१४ मध्ये नॉर्वेत ११ आठवडे असाच प्रयोग झाला. तिथे व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) दोन्ही गटांत सारखंच वाढलं, पण स्नायूतल्या मायटोकाँड्रियाच्या प्रथिनांची वाढ गोळ्या घेणाऱ्यांत खुंटली.

हे प्रयोग जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेचे आहेत, फळांचे नाहीत. त्यामुळे जेवणातला आवळा, आमसुलाचं सार, पालेभाजी यांना बिचकायचं कारण नाही. पण मुंबई मॅरेथॉन जानेवारीत आणि अर्क ऑगस्टपासून रोज, हा हिशेब आम्हाला चुकीचा वाटतो. अर्क वापरायचा तो शर्यतीभोवतीच्या आठ-दहा दिवसांत. तेव्हा नवी क्षमता कमवायची नसते, फक्त पाय लवकर ठिकाणावर आणायचे असतात.

टार्ट चेरी

चौघांत मॅरेथॉनच्या रस्त्यावर तपासून टिकलेला पर्याय हाच, म्हणजे आंबट जातीची चेरी. २००८ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये २० धावकांवर प्रयोग झाला: शर्यतीआधी ५ दिवस, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर २ दिवस, रोज दोन वेळा साधारण २४० मिलिलिटर मॉन्टमोरेन्सी या आंबट जातीच्या चेरीचा रस. मांडीची ताकद लवकर परतली आणि रक्तातली दाहाची चिन्हं कमी राहिली. दुखण्यात मात्र दोन गटांत ठळक फरक नव्हता. उलट अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या हूड टू कोस्ट या लांब रिले शर्यतीत ५४ धावकांना आधीचे ७ दिवस आणि शर्यतीच्या दिवशी ३५५ मिलिलिटरच्या दोन बाटल्या रोज दिल्या, तेव्हा दुखणं कमी वाढलं. म्हणजे फायदा आहे, पण तो ताकदीत दिसेल की दुखण्यात, हे आधी सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेत. पदक गळ्यात घालून घरी आल्यावर बाटली उघडली तर पैसे वाया गेले समजा. शर्यतीच्या किमान चार-पाच दिवस आधी सुरुवात हवी. काँसन्ट्रेट (आटवलेला दाट रस) असेल तर ३० मिलिलिटर पेलाभर पाण्यात, सकाळ-संध्याकाळ. आठ दिवसांचे ४८० मिलिलिटर होतात. बाजारातल्या ४७३ मिलिलिटरच्या एका बाटलीत हे जवळपास बसतं, एका शर्यतीसाठी दुसरी घेऊ नका.

लेबलवर ‘टार्ट’ किंवा ‘मॉन्टमोरेन्सी’ शब्द हवा. काश्मीर-हिमाचलची चेरी गोड जातीची असते, तिच्यावर हे प्रयोग झालेले नाहीत. केकवरची लाल चेरी तर आपल्याकडे बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. दोन अडचणी लक्षात ठेवा: ३० मिलिलिटर काँसन्ट्रेटमध्ये सुमारे २० ग्रॅम साखर असते, तेव्हा मधुमेहींनी ती दिवसाच्या हिशेबात धरावी. आणि चेरीतल्या सॉर्बिटॉल या साखरेसारख्या द्रव्याने काहींचं पोट सैल होतं. शर्यतीच्या पहाटे, स्टार्टच्या रांगेत, हे कळणं फार महागात पडतं.

हळदीची कॅप्सूल

आधी स्वयंपाकघरातल्या हळदीचा हिशेब करू. एक चमचा म्हणजे ३ ग्रॅम पूड. त्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य कामाचं द्रव्य, सुमारे ३ टक्के, म्हणजे ९० मिलिग्रॅम. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत साधारण ६ टक्के असतं, तरी आकडा १८० च्या पुढे जात नाही. शिवाय कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात जेमतेम पोचतं. हळदीचं दूध झोपण्याआधी जरूर प्या, त्यातून प्रथिनं मिळतात. पण मांडीच्या सुजेवरचा उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

कॅप्सूल दोन प्रकारच्या मिळतात. एकीत मिऱ्यातलं पायपरीन घालतात, दुसरीत कर्क्युमिन लेसिथिन या स्निग्ध पदार्थाला बांधलेलं असतं. आमची पसंती दुसरीला. औषधं निकामी करणारी यकृतातली एन्झाइम्स पायपरीन अडवतं, त्यामुळे कर्क्युमिनबरोबर तुमच्या इतर गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही वाढू शकतं. लेसिथिनवाल्या प्रकाराचा २०१४ चा स्पेनमधला प्रयोग धावकांच्या थेट कामाचा आहे: ४५ मिनिटं उतारावर धावणं, २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिवसातून दोनदा, ४८ तास आधीपासून २४ तास नंतरपर्यंत. मांडीच्या पुढच्या भागाचं दुखणं कमी राहिलं आणि एमआरआयमध्ये स्नायूंची इजाही कमी दिसली. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून मग उतरायचा असतो. तिथे चेरीपेक्षा हा पुरावा जास्त जवळचा आहे. साखर नाही, चारच दिवस पुरतात, हीही जमेची बाजू.

तरीही चौघांत सर्वांत जास्त पथ्य हिचंच. रक्त पातळ करणारी औषधं, पित्ताशयातले खडे, यकृताचा जुना आजार यांपैकी काही असेल तर ती घेऊ नये. जास्त शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा. कर्क्युमिन लोहालाही बांधून ठेवतं. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) कमी असणाऱ्या धावणाऱ्या मुली-बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी महिनोन्महिने ही कॅप्सूल घेऊ नये आणि लोहाच्या गोळीसोबत तर नाहीच.

बीट

बीटाचं काम शर्यतीआधीचं आहे, नंतरचं नाही. त्यातल्या नायट्रेटचं तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात, पुढे त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि त्याच वेगाला ऑक्सिजन थोडा कमी लागतो. त्यासाठी ६ ते ८ मिलिमोल (साधारण ३७० ते ५०० मिलिग्रॅम) नायट्रेट, धावण्याच्या दोन-तीन तास आधी. त्या सकाळी माउथवॉश वापरला तर जिवाणूच मरतात आणि रस फुकट जातो. बीट उकडून पाणी ओतून दिलं तर नायट्रेटही त्या पाण्याबरोबर जातं.

रिकव्हरीसाठी मात्र २०१७ मध्ये ३४ मॅरेथॉन धावकांवर तपासणी झाली. शर्यतीनंतर बीटाचा रस घेतलेल्यांच्या दुखण्यात आणि सुजेत फरक पडला नाही. आम्ही तो शर्यतीनंतर टाळायलाच सांगतो, कारण बीटाने काहींची लघवी लाल होते. मॅरेथॉननंतर कोलासारखी गडद लघवी ही स्नायू वितळून मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण असू शकते. ती खूण बीटाच्या रंगात हरवायला नको. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी खडे वाढवू शकणाऱ्या ऑक्झलेटमुळे, आणि रक्तदाब कमी असणाऱ्यांनी चक्कर येऊ शकते म्हणून, बीटापासून दूरच राहावं.

डाळिंब

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फळ ताजं मिळतं, परदेशी बाटलीपेक्षा स्वस्त पडतं. मनापासून वाटतं की हेच जिंकावं. पण २०११ च्या प्रयोगात रोज दोनदा २५० मिलिलिटर रस घेतल्यावर हाताच्या स्नायूची ताकद टिकली आणि दुखणं घटलं, मांडीच्या स्नायूत मात्र फायदा दिसला नाही. धावणाऱ्याला हवी मांडी. शिवाय यातली मुख्य द्रव्यं सालीत आणि पांढऱ्या पापुद्र्यात जास्त असतात. घरी दाणे पिळून काढलेल्या रसात ती कमी उतरतात. पुढे आतड्यातले जिवाणू त्यांचं युरोलिथिन नावाचं, शरीराला वापरता येणारं द्रव्य करतात, आणि हे काम प्रत्येकाच्या पोटात होत नाही. फळ म्हणून रोज खा, पूरक म्हणून पैसे घालू नका.

मग घ्यायचं काय?

जानेवारीत एकच फुल मॅरेथॉन आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल तर चेरी. घाटातली, मोठ्या उताराची शर्यत असेल आणि कुठलंही औषध चालू नसेल तर लेसिथिनवाली हळद. दोन्ही एकत्र नकोत. पोट बिघडलं तर कशाने ते कळणार नाही. सरावातली हाफ मॅरेथॉन असेल तर काहीच नको. पैसे मोजकेच असतील तर शर्यत संपल्यावर पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम कर्बोदकं आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं पोटात जातील याची सोय करा. ६० किलोच्या धावकाला दोन केळी आणि दोन वाट्या दहीभात एवढ्याने कर्बोदकांचं भागतं, प्रथिनांसाठी सोबत दोन-तीन उकडलेली अंडी किंवा शंभर ग्रॅम पनीर हवं.

स्पर्धात्मक गटात धावत असाल तर बॅच तपासल्याची खूण असलेलंच उत्पादन घ्या; भेसळीतून आलेलं बंदी असलेलं द्रव्य चाचणीत सापडलं तर जबाबदारी धावकाचीच धरली जाते.

शर्यतीच्या तीन आठवडे आधीच्या ३० किलोमीटरच्या लाँग रनला रंगीत तालीम करा. आधीच्या ३० किलोमीटरनंतर, काही न घेता, दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी जिन्याच्या दहा पायऱ्या उतरताना दुखण्याला शून्य ते दहामध्ये किती गुण दिले ते लिहून ठेवा. या वेळी पूरक घेऊन तसेच गुण लिहा: तीच वेळ, तोच जिना, तेच बूट. दोन गुणांपेक्षा कमी फरक पडला आणि पोटही कुरकुरत असेल, तर शर्यतीच्या आठवड्यात ती बाटली उघडू नका.