सायनोटाइपची निगेटिव्ह: फिल्म की तेल पाजलेला कागद?

सायनोटाइप म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर निगेटिव्ह ठेवून, उन्हातल्या अतिनील किरणांनी उमटवलेलं निळं छायाचित्र. निगेटिव्ह इंकजेट फिल्मवर, म्हणजे प्रिंटरसाठीच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर छापली, तर बारकावे चोख उतरतात. वेरूळच्या शिल्पातल्या छिन्नीच्या खुणासुद्धा. फक्त छपाई लेप असलेल्या बाजूवरच करा. गुळगुळीत बाजूवर शाई वाळत नाही, थेंब थेंब होऊन फरकटते. अर्थात, फिल्म महाग.

साध्या कागदावर छापलंत, तर शाई वाळल्यावर पाठीमागून करडईचं तेल चोळा (खोबरेल थंडीत थिजतं), जास्तीचं टिपून घ्या. नाहीतर डाग थेट छायाचित्रावर. तेल पाजूनही कागद अतिनील किरणं बरीच अडवतो, म्हणून जास्त वेळ उन्हात ठेवावं लागतं; पण लातुरात एप्रिलमध्ये उन्हाला काय तोटा! कागदाच्या तंतूंची पुसट जाळीही उमटते. चेहऱ्यांना ती मारक, जुन्या वाड्याच्या भिंतीला मात्र शोभते. नवशिक्याला मी कागदच घ्यायला सांगेन.