जळगावातील एक इंग्रजी शब्दसंग्रह वर्ग : आयेल्ट्सच्या तयारीसाठी कितपत उपयोगी?

आयेल्ट्स किंवा टोफेल या, परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी जळगावात चालणाऱ्या एका शब्दसंग्रह वर्गाविषयी हा अभिप्राय आहे. माझे काही विद्यार्थी तिथे जातात, त्यांच्या वह्या मी पाहतो आणि वर्गचालकांच्या परवानगीने काही तासांना स्वतः बसलोही आहे. खानदेशात इंग्रजीचे क्लास पुष्कळ असले तरी त्यांचा भर बहुधा संभाषणाच्या सरावावर आणि निबंधाच्या तयार साच्यांवर असतो. हा वर्ग मात्र शब्दांपासून सुरुवात करतो आणि ते मला मनापासून पटले.

घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात नेमलेल्या पुस्तकापुरते इंग्रजी, अशा वाटेने आलेल्या आमच्या मुलांचे व्याकरण बरे असते, पण आयेल्ट्सच्या वाचन विभागात ६० मिनिटांत तीन दीर्घ उतारे वाचून ४० प्रश्न सोडवायचे म्हटले की दर दोन ओळींना अडवणारा अनोळखी शब्द त्यांचा सारा वेळ खाऊन टाकतो. मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत असे धरल्यास कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीविना वाचण्यासाठी सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुले (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक शब्दकुल) माहीत असावी लागतात, असा हिशेब भाषासंशोधक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला होता. एवढा पल्ला कोणताही क्लास काही महिन्यांत गाठून देऊ शकत नाही. म्हणूनच कोणते शब्द आधी शिकवायचे, या निवडीला महत्त्व येते.

ती निवड इथे विचारपूर्वक केलेली आहे. प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊन विद्यार्थ्याचे सर्वाधिक वापराच्या पहिल्या दोन हजार शब्दांतले कच्चे दुवे शोधले जातात, ते भरून काढले जातात आणि मगच भाषासंशोधक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या शैक्षणिक शब्दसूचीतील (शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांच्या यादीतील) ५७० शब्दकुलांकडे वळले जाते. एका तासाला ‘इश्यू’ हा शब्द घेतला होता. रावेरकडच्या एका मुलीने त्याचा अर्थ ‘अडचण’ असा ठामपणे सांगितला; शिक्षिकेने तिला न टोकता नियतकालिकाचा अंक, सरकारने काढलेला आदेश आणि वादाचा मुद्दा अशा तीन उताऱ्यांतून तोच शब्द वाचायला दिला आणि प्रत्येक ठिकाणचा अर्थ तिच्याकडूनच काढून घेतला. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ परीक्षेत हमखास दगा देतो, आणि घोकलेल्या यादीने त्यावर काहीच उपाय होत नाही.

दुर्मीळ शब्दांच्या जाडजूड याद्या पाठ करून घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास चालते, हे मला फार खटकते. आयेल्ट्सच्या लेखनात आणि संभाषणात चार निकषांपैकी एक शब्दसंपदेचा असतो, म्हणजे त्या विभागांचे चतुर्थांश गुण त्यावर ठरतात, हे खरे. परंतु तिथे शब्दांच्या विविधतेइतकाच त्यांचा नेमकेपणाही पाहिला जातो. भारदस्त शब्द चुकीच्या जागी बसवला तर तो गुण मिळवून देण्याऐवजी घालवतो.

वर्गाच्या उणिवाही लहान नाहीत. साप्ताहिक चाचणी केवळ जोड्या जुळवण्याची असते, त्यामुळे शब्द ओळखता येतो की नाही एवढेच कळते. तो स्वतःच्या वाक्यात, योग्य शब्दयोगी अव्ययासह वापरता येतो का, याची परीक्षा होतच नाही. वाचनात पुढे गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचे लेखन मागे राहिले आहे, त्याचे मोठे कारण मला हेच वाटते. स्पेलिंगकडेही दुर्लक्ष होते. श्रवण विभागात उत्तर बरोबर ऐकूनही स्पेलिंग चुकले तर गुण मिळत नाही, आणि ‘अकॉमोडेशन’सारख्या शब्दात एखादे अक्षर गाळणारी मुले प्रत्येक तुकडीत असतात. आठवड्यातून दहा मिनिटांचे श्रुतलेखन सुरू केले तरी मोठा फरक पडेल.

वाचनात अडखळणाऱ्या आणि परीक्षेला पाच-सहा महिने हाताशी असलेल्या विद्यार्थ्याने हा वर्ग जरूर लावावा. परीक्षा महिन्यावर आलेली असेल तर नमुना प्रश्नपत्रिका सोडवणे अधिक हिताचे ठरेल. चोपडा, यावल, पारोळा इथून येणाऱ्यांना संध्याकाळची तुकडी परतीच्या एसटीमुळे जड जाते, तेव्हा वर्गचालकांनी रविवारी सकाळची तुकडी सुरू करावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.