वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून वाट की वरून पूल?

जंगलातल्या रस्त्याच्या रुंदीकरणावर हरकत नोंदवताना प्राण्यांसाठी नेमकं काय मागायचं, इथेच बऱ्याच निसर्गप्रेमी गटांचं अडतं. आधी जमीन बघा. रस्ता भरावावरून किंवा नाल्यावरून जात असेल तर खालची वाट स्वस्त पडते; टेकडी कापून जात असेल तर वरचा पूल.

खालची वाट रुंद हवी. पेंचमधल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत अशा ९ जागा आहेत, रुंदी ५० ते ७५० मीटर. कॅमेऱ्यांत वाघ, चितळ, रानकुत्रे टिपले गेले. तळाला मातीच हवी, काँक्रीट नको. बिघडतं ते असं: पावसाळ्यात पाणी तुंबतं, एरवी सावली बघून ट्रॅक्टर उभे राहतात.

वरचा पूल उघडा, उजेडाचा, वर माती आणि झाडं असलेला. काळवीट-नीलगायींना तो मानवतो. पण ओल्या मातीचं वजन, निचरा, उन्हाळ्यात झाडं जगवणं हे सगळं अंदाजपत्रकात धरलंय का, ते वाचून बघा.

वाट असो की पूल, रस्त्याकडेला कुंपण लागतंच. तळाशी बारीक जाळी नसेल तर साप-बेडूक सरळ डांबरावर येतात.

थोडक्यात, जंगलातला नाला असेल तर खालची वाट, माळरान किंवा कापलेली टेकडी असेल तर पूल. फक्त वानरं-शेकरूंचा प्रश्न असेल तर दोन्ही नकोत. झाडांना झाडं जोडणारा दोरांचा झुलता पूल मागा.