जॅनिस मार्टिनची १९५६ ते १९६० मधील ध्वनिमुद्रणे : काही महिने ऐकल्यानंतर

बेअर फॅमिली या जर्मन कंपनीने जॅनिस मार्टिन या अमेरिकी रॉक अँड रोल गायिकेची १९५६ ते १९६० या काळातली गाणी ‘द फीमेल एल्विस’ (म्हणजे स्त्री-रूपातला एल्विस प्रेस्ली) या नावाने एका सीडीवर एकत्र आणलेली आहेत. गेले काही महिने ही सीडी माझ्याकडे सतत वाजते आहे, आणि इतक्या ऐकण्यानंतर माझी तक्रार आहे ती मुखपृष्ठावरच्या बिरुदाविषयी. ते आरसीए या अमेरिकी ध्वनिमुद्रिका कंपनीने तिच्या पहिल्याच वर्षी जाहिरातीसाठी वापरले आणि पुढे जन्मभर तिला चिकटून राहिले. एल्विसची नक्कल ऐकायला मिळेल या अपेक्षेने ही गाणी लावली तर हिरमोड होतो, कारण हा गळा वेगळ्याच मुशीत घडलेला आहे.

व्हर्जिनियातल्या सदर्लिन या गावी १९४० साली जन्मलेली जॅनिस लहानपणापासून गिटार घेऊन कंट्री संगीताच्या मंचावर उभी राहत होती, आणि रिचमंडच्या डब्ल्यूआरव्हीए रेडिओ केंद्राच्या ‘ओल्ड डोमिनियन बार्न डान्स’ या कार्यक्रमात नियमित गात होती. तिचा ओढा मात्र रूथ ब्राउन आणि लव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकांकडे होता. कंट्रीची तालीम आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या ठेकेदार संगीताची ओढ या दोहोंतून आलेला ठसका तिच्या गाण्यात सुरुवातीपासून आहे, आणि तो एल्विसकडून उसना घेतलेला नाही.

त्याच रेडिओ केंद्रातल्या दोघांनी लिहिलेले ‘विल यू, विल्यम’ हे गाणे तिच्या आवाजात नमुन्यादाखल मुद्रित होऊन न्यूयॉर्कला गेले, तेव्हा आरसीएच्या स्टीव्ह शोल्स यांना गाण्याबरोबर गाणारी मुलगीही पसंत पडली. एल्विसला काही महिन्यांपूर्वी आरसीएत आणणारे शोल्स हेच. ८ मार्च १९५६ रोजी नॅशव्हिलमध्ये जॅनिसचे पहिले ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तिला सोळा वर्षेही पूर्ण व्हायची होती. ‘विल यू, विल्यम’ बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३५व्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच्या वर तिचे दुसरे कोणतेही गाणे गेले नाही. गाणे गोड आहे, पण वारंवार ऐकल्यावर त्यातली लाडीगोडी जाणवू लागते आणि मी ते आता बहुधा वगळतो.

तबकडीची दुसरी बाजू मात्र मी कधीच वगळत नाही. ‘ड्रगस्टोअर रॉक अँड रोल’ हे गाणे जॅनिसने स्वतः लिहिलेले आहे. त्या काळी अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानांत आइस्क्रीम आणि सोडा मिळणारा कट्टा असे, जवळच नाणे टाकून गाणी वाजवायचे यंत्र असे, आणि शाळकरी मुलामुलींचा अड्डा तिथेच जमे. गाण्याचा विषय एवढाच आहे. पण तिची गाण्याची पद्धत पाहावी : शब्द तोडून तालावर आपटायचा, ओळ संपताना गळ्यात किंचित खर आणायची आणि पुढच्या ओळीवर अशी उडी घ्यायची की वादकांना तिच्या मागून यावे लागते आहे असे वाटावे. आवाज कुठेही चिरकत नाही. साथीला चेट ॲटकिन्ससारखा गिटारवादक असताना ही मुलगी जराही दबून गात नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

यानंतर कंपनीने तिला काय काय गायला लावले, हे क्रमाने ऐकताना चीड येते. ‘माय बॉय एल्विस’ हे गाणे निव्वळ जाहिरातीसाठी केलेले आहे आणि ते तसेच वाजते. रॉय ऑर्बिसनचे ‘ऊबी डूबी’ मात्र तिने झकास गायले आहे. माझ्या कानांना मूळ गाण्याइतकेच भावते. ‘लेट्स इलोप बेबी’मध्ये ती पळून जाऊन लग्न करण्याची भाषा करते, आणि वास्तवात या पोरीने वयाच्या पंधराव्या वर्षीच गुपचूप लग्न उरकलेले होते! नवरा सैन्यात होता. पुढे दिवस गेल्याचे उघड झाले, तेव्हा कुमारी गायिकेची प्रतिमा विकणाऱ्या आरसीएने १९५८ मध्ये तिला सोडून दिले. त्या प्रतिमेपायी कंपनीने आपल्याच हाताने एक उत्तम गायिका घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ‘बँग बँग’सारख्या शेवटच्या काळातल्या गाण्यांत आवाज अधिक भरलेला आणि धीट झालेला आहे. १९६० मध्ये पॅलेट या बेल्जियन कंपनीसाठी केलेली गाणी नीटनेटकी आहेत, एवढेच म्हणता येईल.

वापरणाऱ्यांसाठी काही सूचना. बहुतेक गाणी दोन-अडीच मिनिटांची असल्यामुळे संच एका बैठकीत ऐकून होतो, पण तसा ऐकू नये, कारण सलग ऐकताना साधारण मधल्या भागात चाली एकसारख्या भासू लागतात. मोबाइलवरच्या एका ॲपवर हीच गाणी मला विस्कटलेल्या क्रमाने मिळाली, आणि तिचा आवाज कसा बदलत गेला हे त्यातून काही केल्या कळेना. क्रम राखून ऐकावे. ध्वनिमुद्रण मोनो म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीचे असल्याने हेडफोनपेक्षा टेबलावरच्या एखाद्या साध्या स्पीकरवर ढोलाचा ठोका अधिक मोकळा ऐकू येतो.

संच आवडला तर ‘द ब्लँको सेशन्स’ही घ्यावा. रोझी फ्लोरेस या गायिकेच्या पुढाकाराने २००७ च्या वसंतात टेक्सासमधल्या ब्लँको या गावी ही गाणी मुद्रित झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जॅनिस कर्करोगाने गेली आणि अल्बम २०१२ मध्ये निघाला. सदुसष्ट वर्षांच्या आवाजात वरची पट्टी थोडी कमी झाली आहे, पण खर वाढली आहे आणि ती शोभते. यात तिने रूथ ब्राउनचे ‘ॲज लाँग ॲज आय ॲम मूव्हिंग’ गायले आहे. दोन्हींपैकी एकच घेणे परवडत असेल तर मी जुना संच सुचवीन, पण आरसीएच्या काळातली पोरकट गाणी ज्यांना सोसवणार नाहीत त्यांनी सरळ या दुसऱ्यापासून सुरुवात करावी.